फोनवरचा फोटो आडवा का पडतो? दिशा कशी नोंदली जाते आणि ती चुकली तर काय करायचे

उभा धरून काढलेला फोटो फोनमध्ये व्यवस्थित दिसतो. तोच लॅपटॉपवर घेतला किंवा एखाद्या फॉर्ममध्ये जोडला की कुशीवर पडतो. मग माणूस तो फिरवून सेव्ह करतो, आणि तिसऱ्या ठिकाणी तो पुन्हा फिरलेला दिसतो, या वेळी चक्क डोके खाली. या सगळ्यात फोटो कुठेच खराब झालेला नसतो. गोंधळ असतो तो फोटोसोबत जाणाऱ्या एका लहानशा सूचनेचा. ती सूचना कोण लिहितो, कोण वाचतो आणि कोण टाकून देतो हे एकदा नीट समजले की दुरुस्ती एका मिनिटाची आहे.

कॅमेऱ्याचा सेन्सर फोनमध्ये पक्का बसवलेला असतो आणि त्याची लांब बाजू फोनच्या लांब बाजूला समांतर असते. १२ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या सेन्सरवर आडवे ४०३२ आणि उभे ३०२४ ठिपके (पिक्सेल) असतात. फोन तुम्ही कसाही धरा, सेन्सर आपल्या ओळी त्याच क्रमाने वाचतो. म्हणजे फोन उभा धरून एखाद्या माणसाचा फोटो काढला, तर बहुतेक फोनमध्ये वाचलेली पहिली ओळ चित्राच्या उजव्या कडेची असते, आणि ती वरून खाली वाचलेली असते. फाइलमध्ये साठवलेले चित्र आडवेच, ४०३२ बाय ३०२४. त्याच्यासोबत फक्त एक सूचना जाते: 'दाखवताना घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा.'

एवढे लाखो ठिपके फोन स्वतःच का फिरवत नाही? काही फोन फिरवतातही. अँड्रॉइडच्या कॅमेरा व्यवस्थेत दोन्ही गोष्टींना मुभा आहे: फोनने सूचना लिहावी किंवा ठिपके खरोखर फिरवून द्यावेत. त्यामुळे एका फोनचे फोटो कुठेही सरळ दिसतात आणि दुसऱ्याचे पडतात. मात्र फिरवायला वेळ आणि मेमरी लागते, आणि एकामागोमाग फोटो काढताना तीच कमी पडते. सूचना लिहायला दोन बाइट पुरतात.

सूचनेत काय लिहिलेले असते

जेपेगमध्ये, म्हणजे फोटोंच्या नेहमीच्या फाइल-प्रकारात, ही सूचना एक्झिफ नावाच्या माहितीच्या कप्प्यात असते. टॅगचे नाव ओरिएंटेशन, क्रमांक २७४. हा टॅग मुळात टिफ या चित्रांच्या जुन्या फाइल-प्रकारासाठी ठरलेला. १९९२ च्या टिफ ६.० मध्ये तो याच क्रमांकाने आहे आणि एक्झिफने तो तसाच उचलला. त्यात १ ते ८ पैकी एकच आकडा येतो. रोजच्या कामात चारच आकडे भेटतात.

१ म्हणजे आहे तसे दाखवा. ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवून दाखवा. ३ म्हणजे १८० अंश. ८ म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंश. उरलेले २, ४, ५ आणि ७ हे आरशातल्या प्रतिमेसाठी आहेत. त्यांच्याकडे सेल्फीच्या वेळी येऊ.

मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढताना, स्क्रीन आपल्याकडे धरून पाहिले तर बहुतेक फोनमध्ये असा हिशेब असतो: फोन उभा असेल तर ६, वरचे टोक डावीकडे कलंडवून आडवा धरला तर १, उजवीकडे कलंडवला तर ३, आणि डोके खाली करून धरला तर ८. थोडक्यात, फोनच्या लेखी 'सरळ' स्थिती म्हणजे डावीकडे कलंडवलेला आडवा फोन. उभा फोटो हा त्याच्या दृष्टीने नेहमीच फिरवून दाखवायचा फोटो असतो. म्हणूनच तक्रारी बहुधा उभ्या फोटोंच्याच येतात.

याला अपवादही आहेत. २०१५ च्या नेक्सस ५एक्स या अँड्रॉइड फोनमध्ये मागचा सेन्सर नेहमीच्या उलट, म्हणजे १८० अंशांनी फिरवून बसवला होता. ज्या अ‍ॅपनी सेन्सरचा कोन, म्हणजे उभ्या फोनवर चित्र सरळ दाखवायला ते किती अंश फिरवावे लागते हे, फोनला न विचारता ९० गृहीत धरले होते, त्यांत चित्र डोके खाली दिसू लागले. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी हा कोन प्रत्येक वेळी फोनकडूनच घ्यावा. पुढच्या कॅमेऱ्याचा कोन तर बहुतेक फोनमध्ये २७० असतो.

'खाली' कुठे आहे हे फोनला कसे कळते

फोनमधला अ‍ॅक्सेलरोमीटर तीन अक्षांवरचा जोर मोजतो. फोन स्थिर असेल तर त्याला जाणवतो तो फक्त गुरुत्वाकर्षणाचा, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. हा जोर फोनच्या लांबीच्या अक्षावर पडत असेल तर फोन उभा, रुंदीच्या अक्षावर पडत असेल तर आडवा. बरोबर ४५ अंशांवर फोन निर्णय बदलत नाही. थोडे पलीकडे जाईपर्यंत जुनी दिशाच धरून ठेवतो, नाहीतर हात जरा थरथरला तरी दिशा सारखी बदलत राहील.

अडचण येते ती टेबलावर ठेवलेल्या कागदाचा फोटो वरून काढताना. फोन जमिनीला समांतर झाला की सगळा जोर स्क्रीनच्या आरपार जाणाऱ्या तिसऱ्या अक्षावर पडतो. लांबी-रुंदीच्या अक्षांवर जवळजवळ काही उरत नाही. फोन सपाट स्थितीपासून ३० अंश कललेला असेल तर त्या बाजूला ४.९ इतका भरभक्कम जोर मिळतो. ५ अंशच कललेला असेल तर ०.८५, आणि हाताच्या हालचालीत तो सहज बुडून जातो. अशा वेळी फोन शेवटची ओळखलेली दिशा लिहून मोकळा होतो. खिशातून काढताना तो आडवा झाला असेल, तर तुमची मार्कशीट आडवी नोंदली जाते. चालत्या, वळणाऱ्या किंवा ब्रेक लागलेल्या गाडीतही असेच होते, कारण गाडीचा धक्का आणि गुरुत्वाकर्षण यांची बेरीज होऊन 'खाली' भलतीकडेच सरकते. आणि कुशीवर झोपून काढलेला फोटो फोनच्या हिशेबाने बरोबरच असतो. त्याला जमीन कळते, तुमचे डोळे कुठल्या दिशेला आहेत हे कळत नाही.

यावर उपाय फोटो काढण्याआधीच करायचा. कॅमेरा अ‍ॅपमध्ये फ्लॅशचे किंवा टायमरचे चिन्ह बघा. ते तुमच्या डोळ्यांना सरळ दिसत असेल तर दिशा बरोबर ओळखली गेली आहे. ते कुशीवर असेल तर फोटोही कुशीवर जाणार. कागदाचा फोटो घेताना असे करा:

१. फोन आधी कागदापुढे जवळजवळ उभा धरा, जणू समोरच्या भिंतीचा फोटो घेत आहात.
२. चिन्हे सरळ होईपर्यंत थांबा. एक सेकंद पुरतो.
३. फोनचे वरचे टोक तुमच्यापासून दूर राहील असे धरून तो हळूहळू कागदाला समांतर आणा. मधे बाजूला कलंडू देऊ नका.
४. चिन्हांकडे पुन्हा एकदा नजर टाका आणि मग बटण दाबा.

दहा-वीस पाने घ्यायची असतील तर तिसऱ्या पायरीनंतर फोन तसाच धरून पाने बदला, प्रत्येक वेळी फोन खाली ठेवू नका. आणि फोटो कागदपत्रांचेच असतील तर फोनमधला स्कॅनचा पर्याय वापरणे जास्त बरे. पुढे फिरवायचे काम त्यातच उरकते.

स्क्रीन फिरू नये म्हणून लावलेले लॉक इथे आड येत नाही. आयफोनवर ते फक्त स्क्रीनवरची मांडणी अडवते. कॅमेरा दिशा स्वतंत्रपणे ओळखतो. बहुतेक अँड्रॉइड कॅमेरा अ‍ॅपही असेच वागतात. दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपच्या आत उघडणारा कॅमेरा मात्र कधीकधी स्क्रीनच्याच दिशेवर विसंबतो. तिथे लॉक काढून फोटो घ्या.

व्हिडिओचे वेगळे काय

व्हिडिओमध्ये ही सूचना संपूर्ण चित्रपट्टीसाठी एकदाच लिहिली जाते. रेकॉर्डिंगचे बटण दाबताक्षणी फोन ज्या दिशेत असेल तीच शेवटपर्यंत कायम राहते. मध्येच फोन आडवा केला तर पुढचा सगळा भाग आडवा पडतो, आणि कुठलीही सूचना बदलून तो सुधारत नाही, कारण तिथून पुढे चित्रच फिरलेले आहे. म्हणून आधी फोन हवा तसा धरा, चिन्हे सरळ झालेली बघा आणि मगच सुरू करा. दिशा बदलायचीच असेल तर रेकॉर्डिंग थांबवा आणि नवे सुरू करा.

एमपी४ आणि मूव्ह फाइलींत ही सूचना ट्रॅकच्या मथळ्यात, नऊ आकड्यांच्या ३ बाय ३ मॅट्रिक्सच्या रूपात असते. १९२० बाय १०८० चा उभा व्हिडिओ घेतला तर पहिल्या ओळीत ०, १, ०. दुसरीत −१, ०, ०. तिसरीत १०८०, ०, १ असे आकडे दिसतात. तिसऱ्या ओळीतले १०८० यासाठी, की चित्र कोपऱ्याभोवती फिरवले की ते चौकटीच्या डावीकडे बाहेर जाते. त्याला रुंदीइतके उजवीकडे सरकवून परत आत आणावे लागते. फाइलमधले कच्चे आकडे थेट पाहणाऱ्याला १ च्या जागी ६५५३६ दिसेल. तो आकडा दशांशासाठी १६ बिट राखून लिहिलेला असतो. शेवटच्या १ साठी ३० बिट राखलेले असतात, म्हणून तिथे १०७३७४१८२४ दिसते.

एडिटिंग करणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळणारी चूक इथेच होते. दोन क्लिप पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे चित्र नव्याने दाबून न लिहिता, जशाच्या तशा जोडल्या, एक उभी आणि एक आडवी, तर जोडलेल्या ट्रॅकला मॅट्रिक्स एकच मिळते. पहिली क्लिप सरळ दिसते आणि दुसरी पडते. ठिपक्यांचे माप दोन्हींचे १९२० बाय १०८०च असल्यामुळे प्रोग्रॅम तक्रारही करत नाही. अशा क्लिप जोडण्याआधी प्रत्येकीचे चित्र खरोखर फिरवून घ्यावेच लागते. पेनड्राइव्ह लावून व्हिडिओ दाखवणारे बरेच टीव्ही मॅट्रिक्सकडे बघतच नाहीत. त्यांच्यासाठीही तोच उपाय.

सूचना कुठे हरवते, कुठे दोनदा लागू होते

दिशा बरोबर नोंदली असूनही फोटो पडण्याची मुख्य कारणे तीन आहेत, आणि दुरुस्तीआधी आपले कारण कोणते हे ओळखायला हवे.

पहिले, बघणारा प्रोग्रॅम टॅग वाचतच नाही. विंडोज ७ मधला फोटो व्ह्यूअर असा होता. वेब ब्राउझरही पानावरच्या चित्रांसाठी हा टॅग आपोआप पाळू लागले ते २०२० च्या सुमारास. त्याआधी बनलेल्या वेबसाइटींवर अजूनही काही ठिकाणी जुने तोडगे शिल्लक आहेत, आणि आता तेच उलटतात.

दुसरे, टॅग वाटेतच काढून टाकला जातो. फोटो लहान करणारी किंवा खासगी माहिती पुसणारी साधने एक्झिफ सरसकट उडवतात. त्यात जागेची माहिती जाते हे चांगलेच, पण दिशाही जाते. ठिपके आडवेच होते, ते आता आडवेच दिसतात. क्रम लक्षात ठेवा: आधी ठिपके फिरवायचे, मग माहिती पुसायची.

तिसरे, दोनदा फिरवणे. एखादा प्रोग्रॅम ठिपके फिरवून सेव्ह करतो पण टॅग ६ चाच ठेवतो. पुढचा प्रोग्रॅम प्रामाणिकपणे तो टॅग वाचतो आणि आणखी ९० अंश फिरवतो. डोके खाली किंवा भलत्याच कुशीवर पडलेला फोटो दिसला की संशय आधी यावर घ्या. ठिपके फिरवले की टॅग १ झालाच पाहिजे, हा या सगळ्या कामातला एकमेव कडक नियम. एक्झिफमध्ये एक लहान नमुनाचित्रही असते, बहुधा १६० बाय १२० चे. काही प्रोग्रॅम मुख्य चित्र फिरवतात आणि हे विसरतात. फोल्डरमध्ये फोटो आडवा आणि उघडल्यावर सरळ, असे दिसले तर कारण बहुधा हेच असते.

आयफोनवर फोटो फिरवून सेव्ह केला तरी केबलने कॉपी केल्यावर तो जुन्याच स्थितीत निघू शकतो. फोटो अ‍ॅप मूळ फाइलला हात लावत नाही. फेरफाराची नोंद शेजारी वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. कॉपी करणाऱ्याने फक्त मूळ फाइल उचलली की तुमचे फिरवणे मागे राहते. असे फोटो शेअर किंवा एक्सपोर्ट करून बाहेर काढा.

फोटो दुरुस्त करायचा तर

चार-दोन फोटो असतील तर फोनमध्येच एडिट, मग क्रॉप, मग फिरवण्याचे चिन्ह, एवढे पुरे. शंभर फोटो असतील तर संगणकावर बसा आणि आधी सगळ्यांची प्रत काढून ठेवा.

फोन सपाट धरल्याने फक्त आकडा चुकला असेल, तर ठिपक्यांना हात न लावता टॅगच बदला. यात गुणवत्ता अजिबात घटत नाही. एक्झिफटूल या फुकट साधनाने हे होते. टॅगला आकड्यात किंमत द्यायची तर त्याच्या नावापुढे # हे चिन्ह जोडावे लागते, नाहीतर साधन शब्दांतल्या वर्णनाची अपेक्षा धरते. मूळ फाइल ते वेगळ्या नावाने बाजूला ठेवते. कोणता आकडा द्यायचा? क्रम पाठ करून टाका: १, ६, ३, ८ आणि पुन्हा १. आत्ता दिसणारा फोटो घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवायचा असेल तर एक घर पुढे जा, उलट दिशेने फिरवायचा असेल तर एक घर मागे. टॅग ६ आहे आणि फोटो डोके खाली दिसतोय, तर दोन घरे पुढे: ८.

फोटो अशा ठिकाणी जाणार असेल जिथे टॅग वाचला जाईल याची खात्री नाही, जसे ऑनलाइन अर्ज, छपाई किंवा जुना प्रोजेक्टर, तर ठिपकेच फिरवा. इमेजमॅजिक या साधनाचा ऑटो-ओरिएंट पर्याय टॅग वाचून ठिपके फिरवतो आणि टॅग सरळ करतो, पण जेपेग नव्याने दाबले (कॉम्प्रेस केले) जाते आणि किंचित गुणवत्ता जाते. जेपेगट्रॅन हे दुसरे साधन ते न दाबता फिरवते, कारण जेपेग ठिपक्यांच्या चौकोनी तुकड्यांत साठवलेले असते आणि तुकडे जागेवरून हलवता येतात. फोनच्या फोटोंत हे तुकडे सहसा १६ बाय १६ चे असतात. इथे मापाला महत्त्व येते. ४०३२ ला १६ ने भागले तर २५२, आणि ३०२४ ला भागले तर १८९. दोन्ही पूर्ण, म्हणून फोटो अगदी बिनचूक फिरतो. ४००० बाय ३००० च्या फोटोत ३००० ला भागले की १८७ तुकडे आणि वर ८ ओळी उरतात. अर्धवट तुकडा कडेवरून हलवता येत नाही, त्यामुळे फिरवल्यावर एका कडेला विसंगत पट्टी दिसू शकते. ट्रिमचा पर्याय दिला की त्या ८ ओळी कापल्या जातात, आणि ८ ओळींचे दुःख कुणाला होत नाही. मात्र जेपेगट्रॅन टॅग १ करत नाही. ते काम नंतर एक्झिफटूलने करायचेच.

हाइक (HEIC) या फोटोंच्या नव्या फाइल-प्रकाराची गोष्ट वेगळी. आयफोन ७ आणि त्यापुढच्या फोनमध्ये २०१७ च्या आयओएस ११ पासून हा प्रकार आला. यात फिरवण्याची सूचना फाइलच्या स्वतःच्या रचनेत, वेगळ्या कप्प्यात असते, आणि नियमाप्रमाणे चालणारे प्रोग्रॅम तीच मानतात. एक्झिफमधला ओरिएंटेशन टॅग तिथे नुसता सोबत असतो. त्यामुळे हाइकमध्ये एक्झिफचा आकडा बदलूनही काहीच हलत नाही असे वाटले तर तुमचे काही चुकलेले नाही. फोनमध्ये फिरवा किंवा जेपेगमध्ये एक्सपोर्ट करा.

सेल्फीत आणखी एक वळण आहे. स्क्रीनवर आपण आरशासारखे दिसतो, पण साठवलेला फोटो बहुधा समोरच्या माणसाला दिसतो तसा असतो. शर्टावरची अक्षरे फोटो काढताना उलटी आणि फोटोत सुलटी दिसतात ती यामुळे. आरशासारखाच फोटो साठवायचा पर्याय आयफोनवर आयओएस १४ पासून आहे आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्येही असतो. अशा फोटोत २, ४, ५ किंवा ७ हा टॅग आला तर जरा सांभाळून. कित्येक प्रोग्रॅम फिरवणे तेवढे पाळतात आणि उलटवणे विसरतात. कागद, पाटी किंवा ओळखपत्र हातात धरून सेल्फी द्यायची असेल तेव्हा हा पर्याय बंदच ठेवा.

व्हिडिओ दुरुस्त करायचा तर

एफएफएमपेग या व्हिडिओवर काम करणाऱ्या साधनाच्या ६.० पासूनच्या आवृत्त्यांत डिस्प्ले-रोटेशन हा पर्याय आहे. तो मूळ फाइलच्या नावाआधी लिहायचा आणि चित्र-आवाज जसेच्या तसे कॉपी करायला सांगायचे. काही सेकंदांत नवी फाइल तयार होते. कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजला जातो, म्हणून उजवीकडे पाव फेरा हवा असेल तर −९० द्या. तपासणीत नेहमीचा उभा व्हिडिओही −९० दाखवतो, त्याने घाबरून जाऊ नका. अँड्रॉइडच्या रेकॉर्डरला दिला जाणारा कोन घड्याळाच्या दिशेने असतो, तेव्हा तोच व्हिडिओ तिथे ९०.

चित्रच फिरवून हवे असेल तर पुन्हा एन्कोड करा, एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारासाठी सीआरएफ हा गुणवत्तेचा आकडा १८ ते २० ठेवला तर फरक डोळ्यांना कळत नाही. एन्कोड करताना एफएफएमपेग मॅट्रिक्स वाचून चित्र आपोआप सरळ करते. त्यात ट्रान्सपोजचा, म्हणजे चित्र फिरवणारा, फिल्टर हाताने आणखी जोडला की दोनदा फिरते. आधी काहीच न जोडता करून बघा.

प्रतिमांवर प्रोग्रॅम चालवणाऱ्यांनी एक खास काळजी घ्यावी. पायथन भाषेत पिलो ही लायब्ररी फोटो उघडताना टॅग पाळत नाही; त्यासाठी एक्झिफ-ट्रान्सपोज हे फंक्शन वेगळे बोलवावे लागते. ओपनसीव्ही ही दुसरी लायब्ररी मात्र फोटो वाचताना मुळातच टॅग पाळते, आणि 'अनचेंज्ड' पर्यायाने वाचला तर पाळत नाही. एकाने खुणा केलेले चौकोन दुसऱ्याने वाचले की उभ्या फोटोंत ते भलतीकडे जातात आणि आडव्या फोटोंत बरोबर बसतात. म्हणून ही चूक उशिरा सापडते.

आपला फोन काय करतो हे तपासा

एका कागदावर ठळक 'क' काढा आणि त्याच्यावर वरच्या दिशेने बाण. 'क' उलटला किंवा फिरला तर लगेच ओळखू येतो. कागद भिंतीवर चिकटवा. मागच्या कॅमेऱ्याने चार फोटो घ्या: उभा, डावीकडे कलंडवून, उजवीकडे कलंडवून, डोके खाली. पुढच्या कॅमेऱ्यानेही तसेच चार. प्रत्येक स्थितीत पाच सेकंदांचा एकेक व्हिडिओ. फाइली केबलनेच संगणकावर घ्या. मेसेजिंग अ‍ॅपमधून पाठवल्या तर ते फोटो नव्याने दाबते आणि मूळ टॅग हाती लागत नाही. आता एक्झिफटूलने रुंदी, उंची आणि ओरिएंटेशन बघा. उभ्या फोटोत ४०३२ बाय ३०२४ आणि टॅग ६ असेल तर फोन सूचना लिहितो. ३०२४ बाय ४०३२ आणि टॅग १ असेल तर ठिपके फिरवून देतो. नंतर कॅमेऱ्याचे दुसरे अ‍ॅप टाकले किंवा फोनची सिस्टिम मोठी अपडेट झाली, तर हेच फोटो पुन्हा एकदा काढून बघा, कारण सूचना लिहायची की ठिपके फिरवायचे हे सॉफ्टवेअर ठरवते आणि अपडेटनंतर ते बदलू शकते.